ओठ हलवू नका

"ओठ हलवू नका, आजी."

आवाज दोन्ही कानांत एकदम आला आणि कुजबुजेबाईंना आधी वाटलं, हा दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय. पण त्या अरुंद पांढऱ्या बोगद्यात त्यांच्याशिवाय होतं कोण? डोकं जाळीच्या टोपल्यासारख्या कशात तरी बसवलेलं, कानांवर जाड हेडफोन, कानशिलांशी स्पंजच्या उशा ठासलेल्या, उजव्या हातात एक रबरी फुगा, जीव घाबरला तर दाबायचा. डोळ्यांवर तिरका आरसा आणि आरशात पलीकडच्या पडद्यावरची एक काळी फुली. "फुलीकडे बघा आणि कसलाही विचार करू नका," असं यंत्र चालवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, आणि त्याच्या शब्दाला मान देऊन बाई निपचित पडल्या होत्या. निदान त्यांची तशी समजूत होती. ओठ तर मिटलेले होते. नव्हते का? त्यांनी जिभेने चाचपून पाहिलं. खालचा ओठ कोरडा पडला होता, आतल्या बाजूनेसुद्धा. म्हणजे हलत होते, आणि बराच वेळ हलत होते, आणि मालकिणीला पत्ता नव्हता. बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या कानात शब्द सोडत आलेल्या त्या. आज त्यांच्या कानात कुणीतरी शब्द सोडत होतं, आणि तेही चूक दाखवायला.

त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की काचेपलीकडच्या त्या माणसाला काम येत नव्हतं. यंत्राचं येत असेल, कानात बोलण्याचं येत नव्हतं. आवाज मोठा, वाक्य अख्खं आणि वर आजी. कानात बोलायचं म्हणजे पहिला शब्द द्यायचा, तोही अर्धा, आणि बाजूला व्हायचं. पुढचं वाक्य नट स्वतःच ओढून काढतो आणि त्याला वाटतं, आपलं आपल्यालाच आठवलं. तसं त्याला वाटलं पाहिजे. प्रेक्षकांना ऐकू गेलं तर प्रॉम्प्टर वाईट, फक्त नटाला ऐकू गेलं तर बरा, आणि ऐकलं होतं हे नटही विसरला तर तो कुजबुजेबाईंच्या तोडीचा. हे बाईंचं स्वतःचं मत होतं आणि ते त्या समोर येईल त्याला ऐकवायच्या. कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते थोरल्यांनी ठेवलेलं. थोरले म्हणजे त्यांच्या नाटक कंपनीतले मुख्य नट. दोन भावांच्या एका नाटकात थोरल्या भावाचं काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की रंगमंचावरून उतरल्यावरही ते थोरलेच राहिले. "विंगेत कोण बसलंय? कुजबुजेबाई? मग मी निम्मं पाठ केलं तरी पुरे," असं ते एकदा भर तालमीत म्हणाले आणि नाव चिकटलं. बाईंच्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं होतं. ते नाव त्यांनी बक्षिसासारखं मिरवलं. दारावरच्या पाटीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. आधी ठक ठक, मग लांब घरघर, मग पत्र्यावर एकसारखं ठोकल्याचा आवाज. बाईंनी खालचा ओठ दातांखाली धरला. कसलाही विचार करू नका. बरं. पण कसलाही विचार न करणं म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. विंगेतल्या त्या पाठ नसलेल्या स्टुलावर बसायचं आणि रंगमंचावर जो बोलेल त्याच्याबरोबर मनात बोलत राहायचं, त्याच्यापेक्षा अर्धा शब्द पुढे, हे शिकवलं होतं. ते इतकं अंगात मुरलं की भाजी चिरताना, रांगेत उभं असताना, दातांच्या डॉक्टरसमोर तोंड वासून पडलेलं असतानासुद्धा डोक्यात जागा रिकामी झाली रे झाली, की नाटक आपलं आपण सुरू व्हायचं. नवरा म्हणायचा, झोपेतही तुझे ओठ चालूच असतात, आणि त्यात माझं एक वाक्य नसतं. पत्र्यावरच्या ठोक्यांना लय होती. लय सापडली की झालं. पडदा वर गेला. धाकटा भाऊ दिव्याची काच पुसत बसलेला, दार सताड उघडं, आणि थोरला भाऊ हातात बॅग घेऊन बाहेर उभा. दोघांमध्ये इतक्या वर्षांचा अबोला. धाकटा म्हणतो, तू कधी आला नाहीस. थोरला म्हणतो, आलो होतो. एकदा नाही, पुष्कळदा आलो. तुझं दार बंद नव्हतं. मीच वाजवलं नाही.

इथेच. याच जागेवर ते घडलं होतं, आणि त्याच्यापायी आज हे जाळीचं टोपलं डोक्यावर चढलं होतं. त्या दिवशीचा प्रयोग दुपारचा होता. सभागृह भरलेलं, थोरल्यांचा घसा छान लागलेला. "तुझं दार बंद नव्हतं," असं थोरले म्हणाले आणि गप्प झाले. इतक्या प्रयोगांत त्या जागी ते कधी थांबले नव्हते. ती दोन वाक्यं एका श्वासात यायची. बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. विंगेच्या बाजूचा मोकळा हात, अंगठा तर्जनीवर घासत होता, चिमटीतलं मीठ सोडतात तसा. बाईंना ही खूण पक्की ठाऊक होती, खुद्द थोरल्यांनाही ती ठाऊक नसेल. अंगठा फिरायला लागला म्हणजे थोरल्यांचं वाक्य गेलं. बाईंनी तोंड उघडलं. आणि तोंडात काही नव्हतं. शब्द जिभेच्या टोकावर आहे असंही नव्हतं, विसरल्यासारखंही नव्हतं. तिथे कधी कुठला शब्द होता याचीच खूण उरली नव्हती. मांडीवर संहिता होती, पण मिटलेली. किती वेळ गेला? त्यांच्या हिशेबाने एक आयुष्य गेलं. मग थोरल्यांनीच कुठून तरी वाक्य खेचून आणलं. "मीच," ते म्हणाले, आणि आवाज फाटला, "मीच वाजवलं नाही." सभागृहात इतकी शांतता झाली की मागच्या रांगेत कुणीतरी नाक पुसलं ते विंगेत ऐकू आलं. प्रयोग संपल्यावर जो तो थोरल्यांना म्हणत होता, आज तिथे जे थांबलात, काय थांबलात! थोरले हसून मान डोलवत होते. बाईंच्या शेजारून जाताना त्यांनी एकदाच पाहिलं. नजरेत राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

पर्समधल्या छोट्या यंत्रावर बाईंनी लगेच साखर तपासली होती, स्वच्छतागृहात उभ्या उभ्या, डाव्या हाताच्या बोटाला टोचून. उजव्या हाताचं बोट त्या कधी टोचत नसत. ते पानं उलटायचं बोट. साखर उतरली असावी अशी त्यांची फार इच्छा होती. साखर उतरली की माणूस भांबावतो, शब्द सापडत नाहीत, एक गोळी चघळली की गाडी रुळावर येते. हे त्यांना पुष्कळ वर्षांच्या सवयीने माहीत होतं. पण आकडा अगदी गुणी निघाला. ना कमी, ना जास्त. मधुमेहाने आपलं अंग काढून घेतलं होतं. घरी त्यांनी नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. साखरेच्या डॉक्टरांना मात्र पुढच्या तपासणीच्या वेळी सांगितलं, हसत हसत, जणू शेजारणीची गोष्ट सांगतोय. डॉक्टर हसले नाहीत. मोठ्या इस्पितळात एक अभ्यास चाललाय, ते म्हणाले. ज्यांचा मधुमेह जुना आहे त्यांच्या मेंदूची चित्रं काढतात. विसरण्याचा त्रास माणसाला जाणवण्याआधीच मेंदूत काही बदल दिसतात का, ते बघतात. जाऊन या. सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हटल्यावर न जाणं म्हणजे घाबरणं झालं असतं, आणि घाबरल्या म्हणवून घेणं बाईंच्या स्वभावात बसत नव्हतं.

"आजी, परत हलताय."

आता मात्र बाईंनी मनातल्या मनात त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण तो बिचारा खरंच सांगत होता. दातांखालचा ओठ सुटला होता. दुसरा अंक निम्म्यावर आला होता. त्यांनी ठरवलं, नाटक नाही, दुसरं काहीतरी. स्वयंपाकघरातला ओटा आठवू. ओटा आठवला, त्यावर चहाचं पातेलं आठवलं, आणि पातेल्याशेजारी उभं राहून आपण पाठांतर करतोय हेही आठवलं. निळं आकाश आठवू. आकाश आलं आणि मागचा पडदा झालं. बाईंना हसू फुटलं. टोपल्यात डोकं गच्च असताना हसू दाबणं म्हणजे एक शिक्षाच. त्या हसण्याखाली एक भीती होती आणि भीतीच्याही खाली, कबूल करायला हरकत नाही, एक तोरा होता. चांगलंच पाठ झालेलं दिसतंय, यंत्रालासुद्धा पुसता येत नाही. मग त्या दिवशी ते एक वाक्य गेलं कुठे?

त्यांना म्हातारबुवांची आठवण झाली. ज्यांच्या हाताखाली बाई शिकल्या ते जुने प्रॉम्प्टर. अंगाने काटकुळे, खोकला आला तर उपरण्यात तोंड खुपसून खोकणारे, पण आवाज असा बेताचा, की हव्या त्या माणसाच्या कानात शिरायचा आणि शेजारच्याला ऐकू जायचा नाही. त्यांचे नियम दोनच. संहिता कायम उघडी आणि बोट कायम ओळीखाली, मग तुला ती उलटी म्हणता येत असली तरी. "नट पाठांतरावर उभा असतो, तूही पाठांतरावर उभी राहिलीस तर दोघं एकाच फांदीवर," ते म्हणायचे. आणि दुसरा नियम श्वासाचा. विसरलेला नट श्वास धरून ठेवतो, मुद्दाम थांबलेला नट श्वास घेत असतो. "थांबलेल्याच्या तोंडात शब्द कोंबलास, तर तो जन्मभर तुझं नाव घेणार नाही." बाईंनी दुसरा नियम जिवापाड सांभाळला. पहिला एका प्रयोगात सुटला. विंगेतला दिवा गेला, अगदी मिट्ट काळोख, आणि बाईंनी अख्खा अंक डोळे मिटल्यासारखा, न बघता सांगितला, एकही शब्द इकडचा तिकडे न होता. मंडळींनी नंतर त्यांना जवळजवळ उचलूनच घेतलं. त्यानंतर दिवा दुरुस्त झाला, पण संहिता काही उघडली नाही. ती मांडीवर मिटलेली राहू लागली, नुसती शोभेला. नवे नट बघायला यायचे, बाई खरंच न बघता सांगतात का? बाई मान ताठ करून बसायच्या. म्हातारबुवा तोवर गेले होते, नाहीतर त्यांनी कान धरला असता.

यंत्र थांबलं. टेबल सरकत बाहेर आलं आणि काचेपलीकडचा माणूस अलीकडे आला. बाईंना वाटलं होतं आवाजावरून चांगला आडदांड असेल. निघाला हडकुळा, चष्मेवाला, आणि बाईंना हात देऊन उठवताना फार जपून वागणारा. "बरं झालं की नाही माहीत नाही, पण झालं," तो म्हणाला. बाईंनी त्याला जाता जाता सांगून टाकलं, की कानात बोलताना वाक्य तोडून बोलत जा, ऐकणारा दचकत नाही. त्याने मान हलवली. बाहेर बाकावर नवरा बाईंची कानातली आणि घड्याळ रुमालात गुंडाळून बसला होता. तो पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. जगात कुठलीही गोष्ट गळायला लागली की आधी वॉशर बघावा, या मताचा.

"काय म्हणालं यंत्र?" त्याने विचारलं.

"गप्प बसा म्हणालं."

"त्याला एवढं मोठं यंत्र लागलं? मी इतकी वर्षं फुकट सांगत होतो."

बाई हसल्या, आणि मग बाकावर बसून त्यांनी त्याला सगळं सांगितलं, तो प्रयोग, तो अंगठा, तो रिकामा झालेला क्षण. नवऱ्याने ऐकून घेतलं. रुमालाची गाठ सोडून एक एक कानातलं त्यांच्या हातावर ठेवलं. त्याने विनोद केला नाही, तेव्हा बाईंना कळलं की हाही घाबरलाय. "माझी औषधं कुठल्या खणात आहेत हे मला कुणी सांगायचं?" एवढंच तो शेवटी म्हणाला.

निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यात बोलावलं. त्यांच्या खोलीत खिडकीपेक्षा मोठा पडदा होता आणि पडद्यावर करड्या रंगात बाईंचं डोकं, आडवं कापल्यासारखं. बाईंना आधी ते ओळखूच येईना. आपलं म्हणून आणलेलं बोचकं उघडावं आणि आत दुसऱ्याचे कपडे निघावेत तसं वाटलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नसलेल्या. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. हे बारीक पांढरे ठिपके बघा, काकू. साखरेमुळे बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कुरतडल्या जातात, त्याच्या खुणा. आणि हा कानाच्या आतल्या बाजूचा करंगळीएवढा भाग, आठवणी साठवण्याशी आणि सापडण्याशी ह्याचा संबंध. तुमच्या वयाच्या माणसाचा असतो त्यापेक्षा थोडा आखडलाय. थोडा. "ह्याला अजून आजार म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि एका चित्रावरून एका माणसाचं भविष्य मी सांगणार नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वर्षाने पुन्हा काढू आणि शेजारी शेजारी ठेवून बघू. तोवर साखर, रक्तदाब, चालणं आणि झोप."

"पाठ केलेलं जातं का ह्याच्यात?" बाईंनी विचारलं. दुसरं काही विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"जुनं पाठांतर सहसा शेवटपर्यंत टिकतं. आधी मंदावतं ते वेळेवर सुचणं. असतं सगळं, पण यायला उशीर करतं."

बाईंनी मान खाली घातली. उशीर. म्हणजे शब्द गेला नव्हता. घरातच होता आणि दार वाजल्यावर उठायला त्याला वेळ लागला. ह्यात धीर किती आणि धक्का किती हे त्यांना ठरवता येईना. कारण प्रॉम्प्टर सोडून जगात कुणालाही चालतं, की शब्द थोडा उशिरा यावा. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव उशिरा आठवलं तर हसून वेळ मारून नेता येते. प्रॉम्प्टरचा शब्द उशिरा आला म्हणजे आलाच नाही. सगळ्या मेंदूतून साखरेने कुरतडायला नेमकी तीच जागा निवडावी? बाईंना रडू आलं नाही, संताप आला.

"आणि एक मला तुम्हालाच विचारायचंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावर दुसरं चित्र आणलं. ह्या चित्रात करड्या मेंदूवर तांबडे पिवळे डाग होते. "हे विश्रांतीच्या वेळचं आहे. फुलीकडे बघा आणि कसलाही विचार करू नका, असं सांगितलं होतं ना? ह्या वेळी लोकांचा हा बोलण्याचा भाग शांत असतो. तुमचा पहिल्यापासून शेवटपर्यंत कामाला लागलेला आहे. ओठ हलल्यामुळे चित्रही जागोजागी फाटलंय, अभ्यासात ते धरता येणार नाही. पण एवढं काय चाललं होतं तेव्हा?"

"दुसरा अंक," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मग बाईंनी आपला धंदा सांगितला, विंग आणि स्टूल आणि अर्धा शब्द पुढे राहणं. सांगता सांगता त्यांची मान कधी वर आली ते त्यांनाच कळलं नाही. डॉक्टरीणबाई पेन्सिल खाली ठेवून ऐकत राहिल्या. "म्हणजे तुमचा काहीच न करण्याचा वेळ असा नसतोच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पहिलं चित्र पुन्हा पडद्यावर आणलं, ठिपक्यांचं, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली. "हे खरं आणि हेही खरं. मी ह्यातलं एकच धरून तुम्हाला घरी पाठवणार नाही." बाईंनी दोन्ही चित्रं डोळे भरून पाहून घेतली. त्या तांबड्या पिवळ्या डागांचा त्यांना अभिमान वाटला, अगदी उघड, लहान पोराच्या बक्षिसाचा वाटावा तसा. ठिपक्यांची लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. इतकी वर्षं इतकं सामान ठेवलेल्या घराच्या भिंतीवर थोडी ओल यायचीच. बाहेर आल्यावर नवऱ्याला त्या म्हणाल्या, "वॉशर झिजलाय." तो म्हणाला, "नळ बंद करायचा का मग?" तोच तर प्रश्न होता.

पुढचा प्रयोग रविवारी दुपारी होता. बाई नेहमीपेक्षा लवकर पोचल्या. थोरले रंगपटात एकटेच आरशासमोर बसून भुवयांवर पांढरं लावत होते. ते स्वतः आता इतके पिकले होते की भुवया रंगवायची खरं तर गरज नव्हती, पण सवय.

"थोरले, दोन मिनिटं आहेत?"

"तुमच्यासाठी अडीच. बसा."

बाई बसल्या नाहीत. "त्या दिवशी मला शब्द आला नाही."

"मलाही आला नाही."

"तुम्ही नट आहात, तुम्हाला विसरायची मुभा आहे. मी डोक्याची चित्रं काढून आले. ठिपके निघालेत. आठवणींची जागा थोडी आखडलीय. डॉक्टर म्हणतात, शब्द येतील, पण कधीकधी उशिरा. तुम्ही रंगमंचावर उभे राहता, तुम्हाला माहीत असायला हवं."

थोरल्यांनी ब्रश बाजूला ठेवला. आरशातूनच ते बाईंकडे बघत राहिले. "माझ्या डोक्यात अजून कुणी डोकावलं नाही म्हणून मी शहाणा," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला स्टूल सोडायचंय का?"

"नाही."

हे उत्तर वेळेवर आलं. कुठेही न शोधता, ताबडतोब, प्रश्नाच्या पाठोपाठ. बाईंना स्वतःलाच बरं वाटलं.

"मग?"

"आजपासून संहिता उघडी ठेवणार. दिवा लावून, बोट ओळीवर ठेवून. मंडळी बघतील आणि बोलतील, की बाईंचं संपलं आता."

"बोलू देत," थोरले म्हणाले. "मी निम्मंच पाठ केलंय, हे त्यांना कुठे ठाऊक आहे?"

तिसरी घंटा झाली. बाईंनी विंगेतला दिवा लावला, त्याच्यावर काळं झाकण सरकवलं आणि मांडीवरची संहिता उघडली. किती दिवसांनी उघडली होती; मधली पानं एकमेकांना चिकटून बसली होती आणि समासात म्हातारबुवांच्या अक्षरातल्या खुणा अजून होत्या. धाकट्या भावाचं काम करणाऱ्या नटाने शेजारून जाताना पाहिलं, तो जरा थबकला आणि पुढे गेला. बाईंनी मान ताठ ठेवली. मिटलेल्या संहितेवर ताठ ठेवायची ती मान वेगळी आणि ही वेगळी, ही ठेवायला जास्त जोर लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पहिला अंक बोटाखालून सरकला. ओठ आपले हलत होते, अर्धा शब्द पुढे, आणि इथे त्यांना कुणी मना करणार नव्हतं. दोनदा एका नवख्या नटाला त्यांनी शब्द दिला, अर्धाच, आणि तो तसाच पुढे गेला, आपलं आपल्यालाच आठवलं अशा थाटात.

दुसरा अंक. दिव्याची काच, उघडं दार, बॅग. आलो होतो, थोरले म्हणाले. एकदा नाही, पुष्कळदा आलो. बाईंचं बोट ओळीखाली होतं आणि ओठ पुढच्या शब्दावर. तुझं दार बंद नव्हतं.

आणि थोरले थांबले.

बाईंनी हाताकडे पाहिलं, आणि हात तिथे नव्हता. आज नवा कोट होता, त्याला खिसे होते, आणि थोरल्यांचा तो हात खिशात होता. अंगठा दिसत नव्हता. चेहरा पलीकडे, धाकट्या भावाकडे वळलेला. विसरले की थांबले? शब्द बाईंच्या बोटाखाली होता, छापलेला, आणि तोंडातही होता, ह्या वेळी अगदी वेळेवर येऊन उभा. फक्त सोडायचा अवकाश. सोडून दिला असता तर त्या दिवशीची भरपाई झाली असती. थोरल्यांना कळलं असतं, बाई अजून आहेत. सगळ्या मंडळींना कळलं असतं. तो शब्द आतून दातांवर धडका देत होता. बाईंनी थोरल्यांच्या पाठीकडे पाहिलं. कोटाची पाठ हळूच वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. सभागृहात कुणी खोकलं नाही. धाकट्या भावाच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं. आणि तेवढा सगळा वेळ, आरशात फुली दाखवून आणि कानात ओरडून यंत्राला जे करून घेता आलं नव्हतं ते झालं. बाईंचे ओठ हलले नाहीत.

"मीच वाजवलं नाही," थोरले म्हणाले.

अंक संपला, पडदा आला, टाळ्या पडद्यापलीकडे वाजत राहिल्या. थोरले विंगेत आले. कपाळावरचा घाम भुवयांच्या पांढऱ्यात मिसळून खाली आला होता. मंडळी पुढे आली तसं त्यांनी हाताने त्यांना थोपवलं आणि स्टुलाजवळ वाकले.

"शब्द होता?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

"तोंडातच होता," बाई म्हणाल्या.

"मग दिला का नाही?"

बाईंनी उघड्या पानावरचं बोट काढलं नाही. "तुम्ही श्वास घेत होतात," त्या म्हणाल्या.